एकाच गटाची सोयरीक

जानेफळात उत्तमरावांच्या मिशांना जेवढा मान होता, तेवढाच पुष्पाबाईंच्या जिभेला होता. घरचा कारभारी कोण म्हणून विचारलंत, तर गल्लीतली माणसं तोंडानं उत्तमरावांचं नाव सांगत आणि डोळ्यांनी पुष्पाबाईंच्या ओसरीकडे बघत. अशा या पुष्पाबाईंनी दुसरबीडच्या भागवतरावांची सुचिता सून म्हणून पसंत केली, ती एका ठेच्यावरून.

मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला आणि उत्तमरावांनी घसा खाकरून विचारलं, "सैपाक येते ना बाई?" शाळेत गणित शिकवणारी ती पोरगी जराही न लाजता म्हणाली, "येतो की. पण ठेचा मात्र आमच्या बाबांच्या हातचा खाऊन बघा, मला तसा जमत नाही." आणि खरंच, रस्त्याकडेला टायरचं दुकान चालवणारे भागवतराव आत गेले आणि स्वतःच्या हातचा ठेचा वाटीत घेऊन आले. पुष्पाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यात ठेच्याचा वाटा किती आणि पोरीच्या बेधडकपणाचा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या घरात बाप ठेचा करतो आणि पोरगी ते चारचौघांत सांगते, त्या घरातली पोरगी आपल्या घरात आलीच पाहिजे, एवढं मात्र त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

शिवमचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकाचं, तर विचारूच नका. परत येताना गाडी तो चालवत होता, पण लक्ष रस्त्यावर किती होतं ते देव जाणे.

"पसंत हाये का रे?" पुष्पाबाईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

"तुमाले पसंत असन तं..."

"मले नाही, तुले नांदायचं हाये तिच्यासंग. हाव का नाही, ते सांग."

"हाव," शिवम म्हणाला, आणि त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले. पुष्पाबाईंनी ते मागून बघितलं आणि पदराआड तोंड लपवून पुन्हा हसून घेतलं.

सगळं असं सुरळीत चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी चष्मा लावला आणि तिथंच घोडं अडलं.

आपल्याकडच्या मुलीच्या परिचयपत्रकात काय काय लिहितात ते तुम्हाला ठाऊकच आहे. नाव, शिक्षण, उंची, वर्ण, देवक, मामाचं गाव, आणि आताशा रक्तगटसुद्धा. उत्तमराव ओसरीवर बसून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होते. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं ते थांबलंच.

"काय झालं?" पुष्पाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "भाकरीत खडा लागल्यावानी तोंड काऊन केलं?"

"पोरीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह हाये."

"मंग?"

"शिवमचा बी तोच हाये. त्याच्या लायसनवर लिहेल हाये."

"मंग चांगलंच हाये ना! हे बी जुळलं."

"जुळलं म्हनूनच तं बिघडलं!" उत्तमरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आपलं देवक कळंबाचं. त्याईचं बी कळंबाचं असतं तं केली असती का सोयरीक?"

"कायले करू?"

"काऊन नाही करत?"

"भाऊबहीण लागतात म्हनून."

"हे तू सोताच म्हनलं! एका झाडाची डहाळी दोघाईच्या मांडवात बांधत असले, तं ते भाऊबहीण. इथं तं रक्तच एक हाये. डहाळीपेक्षा रक्त मोठं हाये का नाही?"

  वरून उत्तमरावांनी पुरावाही दिला. मेहकरच्या एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेला कुणी पाहुणा म्हणाला होता म्हणे, की एका गटाच्या नवराबायकोचं काही खरं नसतं. तो पाहुणा कोण, कुठला, काय शिकलेला, काही पत्ता नाही. बुंदी खाता खाता बोलला आणि इकडे एका लग्नाला सुरुंग लागला.

शिवमनं बिचाऱ्यानं फोनवर शोधून बापाला दाखवलं, की असं काही नसतं. "फोनात तं मेलेले मानसं बी जित्ते होतात," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी दुसरबीडला फोन लावून सुपारी फोडायचा कार्यक्रम थांबवला. भागवतराव सरळ माणूस. ते म्हणाले, "थांबायला काही हरकत नाही दादा. पण मलकापूरचे एक पाहुणे बी वाट बघायलेत. त्यांना किती दिवस टांगून ठेवू? येत्या रविवारपर्यंत काय ते सांगा, हो तर हो, नाही तर नाही."

झालं! शिवमचं जेवण अर्ध्यावर आलं. ट्रॅक्टरवर बसला की मोठमोठ्यानं गाणी म्हणणारं पोरगं, आता इंजिन सुरू करून नुसतं समोर बघत बसू लागलं.  रविवार गेला की सुचिता मलकापूरची होणार आणि हा लेक जन्मभर असाच समोर बघत बसणार, हे पुष्पाबाईंना स्वच्छ दिसत होतं.

मग त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"पोराच्या गोष्टीत तुमचं मन कवाच नसते," त्या ताट वाढता वाढता कडाडल्या. "तो जलमला तवा बी तुमी कुठी व्हते? टपरीवर चहा पेत!"

आता हा चहा काय आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. शिवम झाला तो मेहकरच्या दवाखान्यात, आणि झाला तो आईला मरणाच्या दारात नेऊन. रक्त थांबेचना. पुष्पाबाईंची शुद्ध गेली. केव्हातरी डोळे उघडले तेव्हा पाळण्यात पोरगं होतं, उशाशी सासू होती आणि वरती रक्ताची बाटली टांगलेली होती. "आमचे हे कुठी हायेत?" त्यांनी विचारलं. दारातून जाणारी नर्स म्हणाली, "ते ना? चहा पिऊन राहिले." बस्स! बायको मरतामरता वाचली आणि नवरा चहा पीत होता! सत्तावीस वर्षांत असा एक सण गेला नाही, की ज्या दिवशी पुष्पाबाईंनी तो चहा उत्तमरावांना परत पाजला नाही. गावात कुणाचं अर्धं वाक्य न ऐकून घेणारे उत्तमराव या एका गोष्टीवर मात्र मान खाली घालत. आताही त्यांनी मान खाली घातली, भाकरी संपवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते शेताकडे निघून गेले.

भांडून काम होणार नाही, हे पुष्पाबाईंना तेव्हाच कळलं. नवऱ्याला समोरून ढकललं तर तो भिंतीसारखा उभा राहतो आणि मागून हात धरला तर हवा तिथं येतो, हा त्यांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी त्या दळण आणायला म्हणून गेल्या आणि चक्कीकडे न जाता सरकारी दवाखान्यात शिरल्या. तिथल्या डॉक्टर धम्मशीला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, आमच्याकडे बी पॉझिटिव्हवाले तिघाचौघांत एक निघतात. सगळ्यांना भाऊबहीण धरलं तर निम्म्या तालुक्याची लग्नं मोडावी लागतील!"

"ते मले नका सांगू, त्याईले सांगा. मी आनतो त्याईले इथी. तुमी निस्तं समजावून सांगजा, बाकीचं माह्याकडं लागलं."

"आणि ते येतील का?"

"माह्यासाठी येतीन," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःलाच जरा गंमत वाटली, कारण हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं.

झालंही तसंच. शनिवारी सकाळी पुष्पाबाई चुलीसमोरून उठल्या आणि "ओ माय!" म्हणून खांबाला धरून बसल्या. "भोवळ येऊन राह्यली," एवढंच म्हणाल्या. उत्तमरावांनी हातातला चहा तसाच ठेवला, मोटरसायकल काढली आणि "धरून बस, नीट धरून बस" म्हणत तीनदा मागं वळून बघत बायकोला दवाखान्यात आणलं. त्यांच्या पाठीला धरून बसलेल्या पुष्पाबाईंना खोटं बोलल्याचं थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

मॅडमनी पुष्पाबाईंचा बीपी बघितला, नाडी बघितली आणि छातीला नळी लावली. उत्तमराव टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते.

"काय हाये मॅडम? घाबरन्यासारखं नाही ना?"

"काळीज तर छान चाललंय. तुम्हीच ऐका." आणि मॅडमनी नळीची टोकं सरळ उत्तमरावांच्या कानात अडकवली.

उत्तमरावांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडं पडलं. मिशा हलायच्या थांबल्या.

"बाप्पा!" ते एकदम मोठ्यानं म्हणाले, कानात नळ्या असल्यामुळे साऱ्या दवाखान्याला ऐकू गेलं. "हे तं मोटारवानी चालून राह्यलं हो! धबडक धबडक!"

"मोटारच आहे. एक नाही, दोन, शेजारीशेजारी. उजवीकडची रक्त फुफ्फुसात पाठवते. तिथून ते प्राणवायू घेऊन डावीकडच्या मोटारीत येतं आणि ती त्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ढकलते. तुम्ही जो आवाज ऐकताय ना, तो आतल्या झडपा बंद होण्याचा आहे."

उत्तमरावांच्या शेतात विहीर होती, विहिरीवर मोटार होती आणि संत्र्याच्या बागेला ठिबक होतं. मोटारीचा विषय निघाला की त्यांना तहानभूकही आठवत नसे. त्यांनी नळी काढली नाही. तसंच बायकोच्या छातीकडे बघत उभे राहिले.

"म्हंजे हे सारं ठिबकच हाये. मोठा पाइप, मंग बारका, मंग एकदम बारीक नळी."

"केसाहूनही बारीक."

"पन मॅडम, आमचं पानी झाडाले गेलं ते गेलं. हे वापस कसं येते? पायातून वर कसं चढते?"

"शिरांमधून. त्यांच्यातही झडपा असतात, वर गेलेलं खाली पडू देत नाहीत. आणि आपण चालतो तेव्हा पोटऱ्या शिरांना दाबतात, रक्त वर ढकललं जातं."

"फुटवॉल!" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली होती. "अन् एक चक्कर किती वेळात?"

"शांत बसलेल्या माणसाची, साधारण मिनिटाभरात."

"सारं आंग फिरून? मिनिटात? अन् लाइन गेली तं?"

"या मोटारीला भारनियमन नसतं काका. आईच्या पोटात सुरू होते ती जन्मभर चालते."

पुष्पाबाई पलंगावर पडल्या पडल्या मनातल्या मनात खूष झाल्या. गाडी बरोबर रुळावर आली होती. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, आल्यासारखं माह्या रक्ताचा गट बी पाहून द्या."

मॅडमनी बोटाला सुई टोचली, पांढऱ्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवले, त्यांत तीन बाटल्यांतला एकेक थेंब टाकला आणि काडीनं ढवळलं. एका थेंबात काही झालं नाही. उरलेल्या दोन थेंबांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, दूध नासल्यासारख्या. "बी पॉझिटिव्ह," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे शिवमचं माह्यावर गेलं!" पुष्पाबाई उठून बसल्या, भोवळ कुठच्या कुठं पळाली होती. "आता याईचं बी पाहा."

"माहं नका पाहू," उत्तमराव म्हणाले आणि दाराकडे सरकले.

"काऊन?"

"माहं कायले पाह्यचं? मी कुठी बिमार हाये?"

"सुईचं भेव वाटते त्याईले," पुष्पाबाई मॅडमना म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या मिशा, अन् सुई पाह्यली की पाय लटलट. पोट्टे बरे याच्यापेक्षा!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उत्तमरावांना स्टुलावर बसवलं. "काका, गट म्हणजे काय, ते तरी ऐका. पोळ्याला तुम्ही बैलांची शिंगं रंगवता. तसा लाल पेशींच्या अंगावर एक रंग समजा. तुमच्या बैलांची शिंगं हिरवी आणि शेजाऱ्याच्याही बैलांची हिरवी, म्हणून ते एका गाईचे होतात का? आणि सख्ख्या भावांचे गट वेगळे निघतात, रोज बघते मी. मग ते भाऊ नाहीत का? देवक बापाकडून येतं. रक्तगट आईबाप दोघांकडून येतो. नवराबायकोचा गट एक असला म्हणून काहीही बिघडत नाही. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तेवढंच बघावं लागतं, आणि त्यालाही आता इंजेक्शन आहे."

 उत्तमरावांनी डोळे मिटले आणि बोट पुढं केलं. सुई टोचली तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा तीन थेंब, पुन्हा काडी. पुष्पाबाई मॅडमच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. पहिला थेंब तसाच राहिला. दुसरा नासला. तिसरा नासला. दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते ओळखू येईना.

"घ्या!" पुष्पाबाईंनी टाळी वाजवली. "बी पॉझिटिव्ह! इतके दिवस भावासंग संसार केला म्या! आता द्या सोडचिठ्ठी!"

बाहेर केसपेपर काढणारा माणूससुद्धा खो खो हसला. उत्तमराव मात्र हसले नाहीत. ते त्या दोन पट्ट्यांकडे बघत होते.

"मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एकाचं रक्त दुसऱ्याले देलं, तं ते त्याच्या अंगात किती साल राह्यते?"

"किती साल? अहो, लाल पेशी जगतातच मुळी चार महिने. जुन्या झाल्या की शरीर त्यांना मोडीत काढतं आणि हाडांच्या आतल्या मगजात रोज नव्या तयार होतात. दिलेलं रक्त त्याहून थोडं लवकरच संपतं."

"चार महिने?" उत्तमरावांनी मान वर केली. "निस्ते चार महिने? अन् मी सत्तावीस साल..."

"काय सत्तावीस साल?" पुष्पाबाईंनी विचारलं.

उत्तमरावांनी टॉवेलानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

"शिवम झाला तवा तुह्या आंगातलं रक्त वाहून गेल्तं. डॉक्टर म्हने, बाटली पाह्यजे, आत्ताच्या आत्ता. तपासलं तं माहं जुळलं. देलं म्या. उठाले गेलो अन् तिथीच पडलो आडवा. शुद्धीवर आलो तं सिस्टरनं चहा देला हाती. म्हने, प्या. पेल्याशिवाय उठायचं नाई."

   पुष्पाबाईंच्या डोळ्यांपुढं ती उशाशी टांगलेली बाटली आली, दारातली नर्स आली, आणि मग दिवाळीला, पोळ्याला, अक्षयतृतीयेला आपण नवऱ्याच्या तोंडावर मारलेला तो चहा आला, एकेक करून सगळा.

"मंग सांगतलं काऊन नाही?" त्यांचा आवाज फाटला.

"बुढीनं, माह्या मायनं, शपथ घातली. नवऱ्याचं रक्त बायकोच्या आंगात गेलं म्हंजे नातं बदललं, म्हने. भाऊबहीण झाले. कोनाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन. मी म्हनलं, मले कोनी चहापिऊ म्हनलं तं म्हनू दे. तू वाचली ना, बस्स झालं. पन मनात ते बसलंच. तुहं डोकं दुखलं की मले वाटे माह्यानंच. आता शिवमच्या वेळेस बी तेच आलं समोर, अन् भेव वाटलं. म्या भोगलं ते भोगलं, पोराले काऊन?"

"सत्तावीस वर्सं मी बोलत राह्यली अन् तुमी आयकत राह्यले!" आणि पुष्पाबाईंना रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लहान पोरीसारखं. रडता रडता त्यांनी नवऱ्याच्या दंडावर एक चापटही मारली. "येडे हायेत तुमी, पक्के भैताड!"

"रडू नको ना वं. मॅडम, हिले सांगा." उत्तमराव पुरते गोंधळले होते. मग एकदम काही आठवून ते मॅडमकडे वळले. "अजून एक इचारू? लग्न झालं तवा ही एकदम गरीब गाय व्हती. शिवम झाल्यावर तापट झाली. मी समजत व्हतो माहं रक्त चढलं म्हनून."

"राग रक्तातून जात नाही काका."

"म्हंजे तो तिचा सोताचाच हाये?"

"सोताचाच!" पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि रडण्यातून कधी हसू आलं ते कळलंसुद्धा नाही. मॅडमनाही हसू आवरेना. "काका, आता एकच औषध देते," त्या म्हणाल्या. "उद्या रविवार आहे. सुपारी फोडून या."

दवाखान्याच्या पायरीवरूनच उत्तमरावांनी दुसरबीडला फोन लावला. "भागवतराव, उद्या येऊन राह्यलो आमी. मलकापूरवाल्याईले माहा नमस्कार सांगा!" शिवमला कळलं तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या गाण्यांनी शेजारच्या तीन वावरांतली पाखरं उडाली.

रविवारी भागवतरावांच्या अंगणात सतरंज्या पडल्या. दोन्हीकडची माणसं जमली. सुचिता पिवळ्या साडीत येऊन बसली आणि शिवमचे कान पुन्हा लाल झाले. ब्राह्मणानं ताटात सुपारी ठेवली, तेवढ्यात भागवतरावांची म्हातारी आत्या अन्नपूर्णाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "काय रे भागवता, दोघांचं रक्त एकच हाय म्हणे? मग चालतंय का ते?"

 भागवतरावांनी आत्याकडे बघितलं, सुचितानं शिवमकडे बघितलं आणि पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. लोकांपुढं हा माणूस पुन्हा मागं सरकला तर?

उत्तमराव उठून उभे राहिले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"एकच हाये आत्याबाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "माहं अन् हिचं बी एकच हाये. एकच हाये म्हनून ही आज जित्ती हाये. शिवम झाला तवा मीच देलं व्हतं, अन् सत्तावीस साल लपवून ठेवलं, कारन मले बी तुमच्यावानीच वाटे. आता नाही वाटत."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी मूठ वर केली. "आता हे पाहा. एवढं असते काळीज. त्याच्यात दोन मोटारी असतात. उजवीकडची..."

"दादा," भागवतराव हात जोडून म्हणाले, "आधी सुपारी फोडा, मग मोटारी चालवा!"

सारं अंगण हसलं. आत्याबाई सगळ्यांत जास्त हसली. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले, सुचितानं वाकून नमस्कार केला तेव्हा पुष्पाबाईंनी तिला तशीच उठवून जवळ घेतली. तिकडे उत्तमरावांनी तोवर आत्याबाईंना गाठलं होतं आणि पोटऱ्या दाबून रक्त वर कसं चढतं ते स्वतःच्या पायावर दाखवणं सुरू केलं होतं.

मग आतून चहाचा ट्रे आला. रीतीप्रमाणे पहिला कप सगळ्यांत वडीलधाऱ्या आत्याबाईंना जायचा होता. पुष्पाबाई उठल्या, ट्रेमधला पहिला कप त्यांनीच उचलला आणि सगळ्यांच्या देखत सतरंजी ओलांडून नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखा करडा होता.

"घ्या. प्या," त्या म्हणाल्या. "पेल्याशिवाय उठायचं नाई."

उत्तमरावांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि मान वर ठेवून, सगळ्यांसमोर, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.